नाण्यांवरील टंकनदोषांची परीक्षा : जुन्नर–आळेफाटा परिसरातील नाण्यांच्या संदर्भात

पुण्याहून नाशिककडे जाणारा आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे) जाणारा असे दोन महामार्ग जुन्नर तालुक्यात आळे गावाजवळ एकमेकांस छेदतात. या चौकास, म्हणजे आळेफाट्यास, आज जे महत्त्व आहे ते मोटार वाहतुकीने दिलेले आहे. परंतु हे रस्ते ज्या दिशांना जातात त्या दिशा फार जुन्या आहेत. कोकणातील बंदरांकडून सह्याद्री चढून येणारा माल नाणेघाटाने जुन्नरला येई आणि तेथून देशावरील पेठांकडे जाई. व्यापार जेथे दोन हजार वर्षे चालला, तेथे नाणी हातातून निसटून मातीत जाणे आणि पुढे नांगराच्या फाळाने किंवा जुन्या वाड्याच्या पायाबरोबर ती पुन्हा वर येणे, हे क्रमप्राप्तच होय.

असे नाणे हाती आले म्हणजे ते कोणाचे, हा पहिला प्रश्न विचारला जातो. अलीकडे त्याच्या जोडीस दुसरा एक प्रश्न येऊ लागला आहे : हे नाणे टाकसाळीतच चुकलेले आहे काय ? सदोष नाण्यास संग्राहक अधिक किंमत देतात, ही समजूत सर्वत्र पसरली आहे. त्यामुळे अक्षर अर्धे दिसले, छाप एका बाजूस सरकला, किंवा एकावर एक दोन आकृती दिसल्या, की ते नाणे ‘चुकीचे’ व म्हणून मोलाचे ठरविण्याकडे कल असतो. यात विकत घेणाऱ्याचे नुकसान होते ते निराळे. त्याहून मोठी हानी इतिहासाची होते. कारण ज्या राजांविषयी एकही ग्रंथ उरलेला नाही, त्यांची नावे, त्यांचा क्रम आणि त्यांचा काल नाण्यांवरूनच ठरविला जातो. तेथे दोषाला अर्थ समजले, किंवा अर्थाला दोष समजले, तर वंशावळ बदलते.

टंकन म्हणजे नाणे पाडण्याची क्रिया. या क्रियेत घडलेला खरा दोष कसा ओळखावा, आणि जे दोष नव्हेत ते कसे वगळावेत, याचा विचार जुन्नरच्या परिसराशी संबंध असलेल्या काही नाण्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

(१) परिसर आणि त्यातील चलन

नाणेघाटातील सातवाहन लेख राणी नागनिका हिचा मानला जातो. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची मोजदाद त्यात कार्षापणांत केलेली असून संख्या ब्राह्मी अंकचिन्हांनी लिहिलेल्या आहेत. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील दानलेखांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात, व त्यांतील काही श्रेणींकडे दानाच्या ठेवी ठेवल्याचेही कळते. मानमोडीच्या डोंगरातील लेखात क्षहरात राजा नहपान याचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने केलेल्या दानाची नोंद असून तेथे ४६ हे वर्ष दिले आहे. नहपानाच्या ज्ञात लेखांतील हे शेवटचे वर्ष होय. ते शक संवताचे मानावे की नहपानाच्या राज्यारोहणापासूनचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा हिशेबच मांडलेला आहे. यावरून या प्रदेशात चांदीच्या नाण्याचा व्यवहार किती रुळलेला होता हे दिसते.

पुढे बहमनी अंमलात जुन्नर हे महत्त्वाचे ठाणे होते. मलिक अहमदाने १४९० मध्ये येथूनच स्वातंत्र्य पुकारले आणि निजामशाहीचा पाया घातला. निजामशाही १६३६ मध्ये संपल्यावर हा प्रदेश यथाकाल मोगलांकडे गेला. शिवाजीमहाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहरावर छापा घातला तेव्हा ते मोगलांचे संपन्न शहर होते. शिवनेरी हे महाराजांचे जन्मस्थान असले तरी तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही; अठराव्या शतकात तो मराठ्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

हा क्रम लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण एकाच शिवारात क्षत्रपांचे सुमारे दोन ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे, निजामशाहीचा तांब्याचा पैसा, मोगली रुपया आणि शिवराई ही सर्व मिळू शकतात. धातू, लिपी आणि धर्मचिन्हे यांत ती एकमेकांपासून कितीही दूर असली तरी एका बाबतीत त्यांत साम्य आहे. ती हातोड्याच्या घावाने पाडलेली आहेत. म्हणून त्यांच्या दोषांचे शास्त्रही बहुतांशी एकच आहे.

(२) हाताने नाणे कसे पडते

हाताने नाणे पाडण्यास तीन गोष्टी लागतात : ठसा, चकती आणि घाव. खालचा ठसा ऐरणीत किंवा लाकडी ठोकळ्यात पक्का बसविलेला असे. त्यावर ठराविक वजनाची धातूची चकती ठेवीत, तिच्यावर वरचा ठसा हाताने उभा धरीत, आणि त्याच्या माथ्यावर हातोड्याचा घाव घालीत. एका घावात दोन्ही बाजू उमटत. घाव पुरेसा बसला नाही तर दुसरा घालीत.

या पद्धतीचे काही परिणाम अपरिहार्य आहेत. वरचा ठसा मोकळा असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या छापांचा परस्परांशी कोन निश्चित नसतो. नाणे उलटून पाहिले असता मागचा लेख आडवा किंवा उलटा दिसला, तर यंत्राच्या नाण्यात तो दोष ठरेल. हाताच्या नाण्यात ती नेहमीची स्थिती होय. चकतीला बंदिस्त कडे नसल्यामुळे घावासरशी धातू बाजूस पसरतो; म्हणून काठ वेडावाकडा होतो, व कधी त्यास चीरही पडते. नाणे गोल नसणे हाही दोष नव्हे. कारण टाकसाळीचा कटाक्ष वजनावर असे, आकारावर नसे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, अनेक राजवटींत ठसा चकतीपेक्षा मोठा असे. अशा ठशाचा संपूर्ण छाप कोणत्याच एका नाण्यावर मावत नाही. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ दोन ओळींत, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, अशी रचना असते. परंतु हे सर्व वर्तुळासह संपूर्ण दिसेल अशी शिवराई विरळाच. बहुतेकांवर ‘श्री’ तरी कापलेली असते, किंवा वर्तुळ एकाच बाजूस उरलेले असते. मोगली रुपयांचीही हीच गत आहे. टाकसाळीचे नाव एका रुपयावरून अर्धे आणि दुसऱ्यावरून उरलेले वाचून जुळवावे लागते.

मुंबईची वाफेच्या यंत्राची टाकसाळ १८३० च्या सुमारास सुरू झाली आणि १८३५ मध्ये कंपनी सरकारचे एकसारखे नाणे निघाले. त्यानंतर एका रुपयासारखा दुसरा रुपया असणे हा नियम झाला आणि त्यापासून झालेला कोणताही ढळ दोष ठरू लागला. आजची दृष्टी या यंत्राच्या नाण्यावर पोसलेली आहे. ती तशीच उचलून जुन्या नाण्यांस लावली म्हणजे जवळजवळ प्रत्येक नाणे चुकीचे दिसू लागते. म्हणून पहिला नियम असा : जे त्या टाकसाळीच्या बहुसंख्य नाण्यांत आढळते, त्यास दोष म्हणू नये.

(३) ठशाचे दोष

ठशातील दोष हा ठसा कोरणाऱ्या कारागिराचा दोष होय. त्याचे प्रमुख लक्षण म्हणजे त्याची पुनरावृत्ती. एका ठशातून शेकडो, कधी हजारो नाणी निघतात, आणि कोरणीतील चूक त्या प्रत्येकावर उतरते. म्हणून एखादे अक्षर चुकीचे दिसल्यास त्याच ठशातील दुसरे नाणे शोधणे ही पहिली कसोटी होय. दुसऱ्या नाण्यावरही तेच अक्षर त्याच जागी तसेच असेल, तर चूक ठशाची. नसेल, तर तिचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

कारागिरास अक्षरे उलटी कोरावी लागत, कारण ठशावर जे उलटे असेल तेच नाण्यावर सुलटे उमटते. नवख्या हाताने एखादे अक्षर ठशावर सुलटे कोरले तर नाण्यावर ते आरशातल्यासारखे दिसते. हा निःसंशय दोष होय. परंतु लेखनातील प्रत्येक भेद दोष नव्हे. शिवराईवर ‘शिव’ व ‘शीव’, ‘पति’ व ‘पती’ अशी दोन्ही रूपे आढळतात. ऱ्हस्वदीर्घाचे आजचे नियम त्या काळी नव्हते. मोडी व्यवहारात तर ऱ्हस्वदीर्घाचा भेद फारसा पाळलाच जात नसे. अशा स्थितीत ‘शीव’ ही चूक म्हणता येत नाही. ती निरनिराळ्या कारागिरांची, आणि बहुधा निरनिराळ्या टाकसाळींची खूण होय. शिवराई महाराजांच्या पश्चातही त्याच लेखाने दीर्घकाळ पाडली गेली, आणि दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन होय. तेव्हा ही रूपे दोष म्हणून बाजूस टाकण्याऐवजी त्यांचे वर्गीकरण केले, तर कोणती शिवराई कोठे व केव्हा पडली हे ठरविण्यास त्यांचाच उपयोग होतो.

नहपानाची चांदीची नाणी या दृष्टीने फार बोधप्रद आहेत. त्यांच्या एका बाजूस राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरांतील लेख, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहेत. तिन्ही लेखांचा आशय एकच, क्षहरात राजा नहपान याचे नाणे, असा आहे. यांतील भारतीय लिपींतील लेख बहुधा वाचनीय आहेत. ग्रीक लेख मात्र नाण्यागणिक बिघडलेला दिसतो. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा येतात, कोठे अक्षरे गळतात, कोठे उलटतात. कारण उघड आहे. कारागिरास ग्रीक येत नव्हते आणि तो आधीच्या ठशावरून नक्कल करीत होता. ग्रीक लेख हा भारतीय लेखाचेच लिप्यंतर आहे ही गोष्ट, पुष्कळ नाणी एकत्र ठेवून प्रत्येकावरील शाबूत अक्षरे जुळविल्यावर स्पष्ट झाली. एखाद्याच नाण्यावरून वाचन केले असते तर तेथे एखाद्या नव्या राजाचे नाव ‘सापडले’ असते. पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही ग्रीक अक्षरे निव्वळ नक्षी होऊन राहिली. एका पिढीचा दोष पुढच्या पिढ्यांची रीत झाली, असा हा क्रम आहे.

मोगली रुपयांवर निराळ्या प्रकारचा दोष संभवतो. त्यांच्या एका बाजूस हिजरी सन आणि दुसऱ्या बाजूस जुलूस, म्हणजे बादशहाचे राज्यवर्ष असते. औरंगजेबाची राज्यवर्षे १ रमजान १०६८ पासून मोजली जात. त्यामुळे एका हिजरी सनात दोन राज्यवर्षांचे भाग येतात. हिजरी ११०० या सनाबरोबर ३२ किंवा ३३ हे राज्यवर्ष असणे पूर्णतः नियमित आहे. हे न जाणणारा त्यांतील एकास चूक समजेल. परंतु ११०० बरोबर ३० आढळले, तर एका बाजूचा नवा ठसा आणि दुसऱ्या बाजूचा जुना, न बदललेला ठसा यांची जोडी लागली असे मानावे लागते. असे रुपये टाकसाळीच्या कामाची रीत दाखवितात. कालनिर्णयासाठी मात्र त्यांतील एकच आकडा एकटा विश्वासास पात्र नसतो.

ठशास तडा जाणे हाही ठशाचाच दोष होय. तड्याच्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर त्या जागी उंच रेघ उमटते. उलट, नाण्यावर मागाहून पडलेला ओरखडा खोलगट असतो. हा भेद साध्या भिंगानेही पाहता येतो. एकाच ठशाची अनेक नाणी मिळाली आणि त्यांवरील ही उंच रेघ क्रमाने वाढत गेलेली दिसली, तर कोणते नाणे आधी व कोणते नंतर पडले हे सांगता येते. तेथे दोष हाच पुरावा होतो.

(४) चकतीचे व घावाचे दोष

या वर्गातील दोष एकेका नाण्यापुरते असतात. चकती नीट मध्यभागी न ठेवल्यास छाप सरकतो व एका बाजूस कोरी धातू राहते. थोडे सरकणे हा नियम होता हे वर सांगितलेच आहे. निम्म्याहून अधिक चकती कोरी असेल तरच त्यास दोष म्हणणे युक्त होय.

दोन घावांच्या दरम्यान चकती हलली तर एकच आकृती दोनदा उमटते. तेथे दोन्ही आकृती एकाच ठशाच्या असतात, आणि संपूर्ण छापभर त्यांतील अंतर व वळण सारखेच राहते. ‘श्री’च्या शेजारी दुसरी ‘श्री’ जितकी सरकलेली दिसते, त्याच हिशेबाने ‘राजा’च्या शेजारी दुसरा ‘राजा’ सरकलेला असला पाहिजे. एकच अक्षर दुहेरी व बाकीची स्वच्छ असतील, तर संशय घ्यावा.

सर्वांत चमत्कारिक दोष निराळाच आहे. पाडलेले नाणे कधी वरच्या ठशास चिकटून राहते आणि कामाच्या घाईत ते लक्षात येत नाही. पुढची चकती खाली ठेवून घाव घातला की तिच्या खालच्या बाजूस ठशाचा नेहमीचा उंच छाप उमटतो. वरच्या बाजूस मात्र चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू दाबली जाते. परिणामी दोन्ही बाजूंस एकच आकृती येते, एकीकडे उंच व सुलटी, दुसरीकडे खोल व उलटी. असे नाणे बनावट रीतीने तयार करण्याचा प्रयत्न पुष्कळदा होतो. चांगल्या नाण्यावर दुसरे नाणे ठेवून ठोकले म्हणजे खोल आकृती मिळते. परंतु त्या दाबाने पाठीमागची उंच आकृती चेपते. खऱ्या नाण्यात दोन्ही बाजू एकाच घावात घडलेल्या असतात, म्हणून उंच बाजू चेपलेली नसते.

छाप सरकल्याने इतिहासाचे वाचन कसे चुकू शकते याची दोन उदाहरणे देणे इष्ट होय. पश्चिम क्षत्रपांच्या उत्तरकालीन चांदीच्या नाण्यांवर मस्तकाच्या मागे शक संवताचे वर्ष ब्राह्मी अंकांत असते, आणि मागच्या बाजूच्या वर्तुळाकार लेखात राजाचे व त्याच्या पित्याचे नाव पदवीसह येते. या अंकपद्धतीत स्थानमूल्य नाही. १५३ लिहावयाचे तर शंभराचे, पन्नासाचे आणि तिनाचे अशी तीन स्वतंत्र चिन्हे लिहितात. नाणेघाटाच्या लेखातील संख्याही अशाच चिन्हांनी लिहिलेल्या आहेत. आजच्या पद्धतीत शेवटचा आकडा गेला तर १५ उरतात व काहीतरी गेले आहे हे चटकन ध्यानात येते. ब्राह्मी पद्धतीत तिनाचे चिन्ह चकतीबाहेर गेले तर १५० ही एक पूर्ण, निर्दोष दिसणारी संख्या उरते. वाचकास शंका येण्याचेही कारण राहत नाही. याचप्रमाणे ‘महाक्षत्रप’ या पदवीतील ‘महा’ ही अक्षरे काठाबाहेर गेली तर स्वतंत्र राजा दुय्यम पदावर गेलासा वाटतो. राजाची पदच्युती, परचक्र, गृहकलह अशी अनुमाने केवळ दोन कापलेल्या अक्षरांवर उभी राहू शकतात. म्हणून शतक किंवा दशक पूर्ण दाखविणारी संख्या, तसेच ‘क्षत्रप’ ही पदवी, लेखाच्या त्या जागी चकतीचा काठ किती दूर आहे हे पाहिल्यावाचून स्वीकारू नये.

दुसरे उदाहरण जवळचे आहे. ‘श्री राजा शंभु’ अशा लेखाची, संभाजीमहाराजांची म्हणून ओळखली जाणारी तांब्याची नाणी दुर्मिळ असून त्यांस मोठी मागणी आहे. झिजलेल्या किंवा सरकलेल्या शिवराईवर तिसऱ्या ओळीत नुसता ‘श’ उरलेला असतो. दोनदा घाव बसलेल्या शिवराईवर त्याच्या डोक्यावर ठिपक्यासारखे काही दिसू शकते. तेवढ्यावरून ते नाणे ‘शंभु’ ठरविणे म्हणजे अपेक्षेने वाचणे होय. भोवतालच्या वर्तुळाचा ठिपका आणि अनुस्वार यांत फरक आहे, आणि तो सुटलेल्या नाण्यावरून नव्हे, तर निःसंशय वाचता येणाऱ्या नाण्याशी ताडून ठरवावा लागतो.

(५) जे दोष नव्हेत

एकावर एक दोन आकृती दिसतात तेव्हा ती नेहमी टाकसाळीची चूक असते असे नाही. आळेफाट्याहून नाशिककडे जाताना पुढे लागणाऱ्या सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही सर्व नाणी मूळची नहपानाची होती. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक, म्हणजे दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नाण्यांवर दुसरा एक छाप होता : एका बाजूस तीन कमानींचा चैत्य व सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. या छापांखाली नहपानाचे मस्तक, ग्रीक अक्षरे किंवा बाणवज्र अर्धवट डोकावताना दिसतात.

यांतील एखादेच नाणे एखाद्या शेतकऱ्याच्या हाती आले असते, तर गोंधळलेला, बिघडलेला छाप म्हणून ते बाजूस टाकले गेले असते, किंवा आजच्या बाजारात ‘दुहेरी छापाचा दोष’ म्हणून विकले गेले असते. वस्तुतः तो दोष नव्हे. तो राजाज्ञेने केलेला पुनर्मुद्रांक आहे. दोहोंतील भेदाची खूण सरळ आहे. दोषात दोन्ही आकृती एकाच ठशाच्या असतात. पुनर्मुद्रांकात खालची व वरची आकृती भिन्न ठशांच्या, भिन्न आशयाच्या असतात, आणि वरचा छाप खालच्याची पर्वा न करता कोणत्याही कोनात बसलेला असतो. नाशिकच्या लेण्यातील बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद केल्याचे वर्णन आहे. ती मातेने केलेली पुत्राची स्तुती आहे, म्हणून तिच्याविषयी शंका घेता आली असती. नऊ हजार नाण्यांनी ती शंका दूर केली. मानमोडीचा ४६ वर्षाचा लेख कोरला गेला तेव्हा जुन्नरवर नहपानाचा अंमल होता; तो अंमल कोणी संपविला याचे उत्तर जोगलटेंभीच्या या नाण्यांवर आहे.

याच साठ्याने सावधगिरीचा आणखी एक धडा दिला. नहपानाच्या नाण्यांवरील मुद्रा परस्परांशी जुळत नाहीत. कोणी तरुण, कोणी वृद्ध, कोणाचे नाक सरळ तर कोणाचे बाकदार. ही एकाच वंशातील अनेक पुरुषांची चित्रे असून नाव मात्र नहपानाचेच चालू ठेवले असावे, असा तर्क स्कॉट यांनी केला. परंतु ज्या कारागिरांनी त्याच नाण्यांवर ग्रीक अक्षरे इतकी वेडीवाकडी कोरली, त्यांच्याकडून हुबेहूब मुखसादृश्याची अपेक्षा करता येते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. एकाच नाण्यावरील एक भेद कारागिराच्या अज्ञानाचा मानावयाचा आणि दुसरा राजवंशाचा पुरावा मानावयाचा, तर त्यास स्वतंत्र आधार पाहिजे.

दोषांतून आणखी काही गोष्टी वगळल्या पाहिजेत. चांदीच्या रुपयांवर फुल, चांदणी, अक्षर अशा लहान खोल खुणा आढळतात. त्या सराफांनी पारख करून उमटविलेल्या आहेत. काठ कापून धातू चोरलेली नाणी वजनास कमी भरतात. तो दोष टाकसाळीचा नसून माणसाचा आहे. जमिनीतील क्षारांनी तांबे फुगते व अक्षरांचे आकार बदलतात. दागिन्यासाठी लावलेल्या आकड्याचा डाग, आगीत वितळलेला काठ, नाणे चकचकीत करण्यासाठी केलेली घासणी, ही सर्व नाण्याच्या पुढील आयुष्यातील चिन्हे आहेत. ओतून केलेल्या खोट्या नाण्यावर बारीक छिद्रे आणि काठावर साच्याची शिवण दिसते. त्यावरील अस्पष्ट अक्षरेही टंकनदोष नव्हेत.

(६) परीक्षेचा क्रम

वरील विवेचनावरून परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो. प्रथम नाणे न घासता, न धुता, आहे त्या स्थितीत त्याचे वजन करावे व दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. दुसरे, ते ज्या वर्गाचे वाटते त्या वर्गाची निःसंशय नाणी शेजारी ठेवून काय नेहमीचे आहे ते निश्चित करावे. तिसरे, उरलेला वेगळेपणा ठशाचा, चकतीचा, घावाचा की नंतरच्या आयुष्याचा, हे उंच व खोल रेघा, काठ, झीज आणि वजन यांवरून ठरवावे. झीज ही येथे उत्तम साक्षीदार आहे : टंकनातील दोष नाण्याच्या जन्मापासूनचा असल्यामुळे बाकीच्या पृष्ठभागाबरोबर तोही झिजलेला असतो. जुन्या, गुळगुळीत नाण्यावर एकच खूण धारदार असेल तर ती मागाहून केलेली होय. चौथे, त्याच ठशाचे दुसरे नाणे शोधावे. हे सर्व झाल्यावरच त्यास दोष हे नाव द्यावे, आणि तोपर्यंत त्याच्या आधारे कोणतेही नाव, वर्ष किंवा पदवी इतिहासात नेऊ नये.

या क्रमात एक गोष्ट प्रयोगशाळेत मिळत नाही. ती म्हणजे नाणे कोठे, कोणत्या थरात व कोणत्या नाण्यांसोबत सापडले याची माहिती. जोगलटेंभीच्या साठ्याचे महत्त्व त्याच्या चांदीत नव्हते. तो एकत्र राहिला व एकत्र अभ्यासला गेला यात होते. तीच तेरा हजार नाणी एकेक करून निरनिराळ्या हातांत गेली असती, तर नहपानाचा ग्रीक लेख पुन्हा जुळविता आला नसता आणि गौतमीपुत्राच्या विजयाचे प्रमाण मोजता आले नसते. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जमिनीत सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. या कायद्याकडे सापडलेले धन हिरावून घेणारा म्हणून पाहिले जाते, व त्या भीतीने साठे गुपचूप फोडले जातात. सापडणाऱ्यास मोबदला देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, ही गोष्ट गावोगावी फारशी माहीत नाही.

सारांश, जुन्या नाण्यावरील दोष हा टाकसाळीत बसलेल्या माणसाच्या हाताचा ठसा होय. ग्रीक न जाणणारा कारागीर, वर्ष पालटले तरी जुना ठसा वापरणारा कामगार, चिकटलेले नाणे न पाहता पुढचा घाव घालणारा मजूर, यांची दुसरी कोणतीही नोंद इतिहासात उरलेली नाही. म्हणून दोषांचा शोध अवश्य घ्यावा. परंतु त्यांचे मोल त्यांच्या दुर्मिळतेत न शोधता त्यांच्या साक्षीत शोधावे, आणि साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदाराची उलटतपासणी करावी. जुन्नरच्या शिवारात पुढे जे नाणे नांगराला लागेल, ते अर्धवट छापाचे असण्याचीच शक्यता अधिक आहे. त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी कल्पना लढविण्यापेक्षा ते ज्या जागी सापडले तेथील नोंद पूर्ण ठेवणे हे अधिक उपयोगाचे ठरेल.